अंदाजपत्रकातील बाटली

लग्नाच्या अंदाजपत्रकात गेल्या काही वर्षांत एका नव्या शीर्षाची भर पडली आहे. कार्यालय, मांडव, भोजन, दागिने, मानपान, बँड आणि छायाचित्रकार यांच्या रांगेत आता 'बार' येऊन बसला आहे. संध्याकाळच्या स्वागतसमारंभात, लॉनच्या एका कोपऱ्यात, कधी पडद्याआड तर कधी दिव्यांच्या उघड रोषणाईत तो थाटला जातो. ही केवळ बड्या घराण्यांची चैन असती, तर पक्षाच्या साप्ताहिकाने तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. नवश्रीमंतांनी आपला पैसा कसा उधळावा याची चिंता त्यांचे हिशेबनीस वाहतील. परंतु हे शीर्ष आता बँकेतील कारकुनाच्या, साखर कारखान्यातील फिटरच्या, माध्यमिक शिक्षकाच्या आणि, नमूद करणे भाग आहे, समाजवादी चळवळीत आयुष्य घालविलेल्या कार्यकर्त्याच्याही घरच्या यादीत दिसू लागले आहे. त्याच्या पाठोपाठ एक नवे शहाणपणही बाजारात आले आहे. बार ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न या शहाणपणाला पडतच नाही. तो ऐपतीत कसा 'बसवावा', एवढीच त्याची विवंचना. उधळपट्टी नको, नियोजन करा. कर्ज नको, काटकसर करा. सगळ्यांना सगळे नको, मोजकेच ठेवा. ऐकायला हे सारे कसे समंजस वाटते! आणि नेमक्या या समंजसपणातच खरी मेख आहे. उधळपट्टीला विरोध करणे सोपे असते. ज्या उधळपट्टीने काटकसरीचा सदरा घातला आहे, तिला ओळखणे कठीण जाते.

हे नियोजन चालते तरी कसे? ठोकताळा असा सांगतात : पहिल्या तासाला माणशी दोन पेग, पुढे तासाला एक. पाचशे पाहुण्यांच्या समारंभात घेणारे दीडशे धरावेत. समारंभ तीन तासांचा. म्हणजे माणशी चार, एकूण सहाशे मोठे पेग. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साठ मिलिलिटरचे बारा मोठे पेग बसतात. तेव्हा बाटल्या झाल्या पन्नास. फार भारी नाही आणि पाहुण्यांनी नाक मुरडावे इतकी हलकीही नाही, अशी बाटली दीड हजार रुपयांची धरली, तर नुसत्या बाटल्यांचे पंचाहत्तर हजार रुपये झाले. मग सोडा, बर्फ, पाण्याच्या बाटल्या, शेंगदाणे-चकली-तळणाचा चखणा. भाड्याचे ग्लास आणि फुटणाऱ्या ग्लासांची भरपाई. काउंटर, त्यामागचा बारटेंडर आणि ट्रे फिरविणारी मुले. हॉटेल असेल तर बाहेरून आणलेली बाटली उघडू देण्याबद्दलचे वेगळे शुल्क, म्हणजे बाटली यजमानाची, तहान पाहुण्याची आणि मोबदला हॉटेलमालकाला. शिवाय राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना. लाखाचा आकडा अशा रीतीने कोणी हिसका न देता, हळूच ओलांडला जातो.

या परवान्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. महाराष्ट्रात मद्यविक्रीचे आणि मद्यपानाचे परवाने ज्या कायद्याखाली दिले जातात, त्याचे नाव आजही दारूबंदीचा कायदा असेच आहे. १९४९ साली मुंबई राज्याने तो केला. पुढे नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, परंतु 'दारूबंदी' तशीच राहिली. पिणाऱ्याने स्वतःचा परवाना बाळगावा, ही त्यातील अट स्वागतसमारंभातील किती काका-मामांना ठाऊक असते, हा संशोधनाचा विषय ठरेल. राज्यघटनेचे ४७ वे कलम भिंतीवर टांगून त्याच भिंतीला टेकून गल्ला चालविण्याची ही कला काँग्रेसच्या राजवटीत जन्मली आणि पुढच्या प्रत्येक राजवटीने ती जोपासली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विदेशी बनावटीच्या मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि त्यासह इतर उपायांतून वर्षाला १४,००० कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षिला. त्याच्या आधीच्या वर्षी 'लाडकी बहीण' योजनेखाली दरमहा दीड हजार रुपये सुरू झाले होते. एका हाताने बहिणीला दीड हजार द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने दाजींच्या ग्लासातून ते वसूल करावयाचे, अशी ही कल्याणकारी व्यवस्था आहे. आणि योगायोग पाहा : वर धरलेल्या हिशेबातील एका बाटलीची किंमत म्हणजे नेमका बहिणीचा एक महिना. पन्नास बाटल्या म्हणजे पन्नास महिने.

दुसरे एक माप लावून पाहावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी रोजगार हमीची कल्पना या राज्यात रुजविली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे साऱ्या देशाने ती उचलली. या योजनेतील अकुशल मजुराचा दर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. पंचाहत्तर हजार रुपये मिळविण्यासाठी त्या मजुराला २४० दिवस माती उपसावी लागेल. वर्षाला शंभर दिवसांची हमी धरली, तर जवळजवळ अडीच वर्षे. तीन तासांत, सूर मारून गाणाऱ्या वाद्यवृंदाच्या साथीने, अडीच वर्षांची मजुरी ग्लासांतून उतरते. आणि याला अंदाजपत्रकाच्या भाषेत 'मध्यम स्वरूपाची व्यवस्था' म्हणतात.

येथे एका सापळ्यापासून सावध राहणे आवश्यक आहे. गरिबाच्या लग्नखर्चाकडे बोट दाखवून त्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्याच माथी फोडण्याची रीत जुनी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना ती फार प्रिय होती. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, असा सूर निघालाच. परंतु त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगालाच नोंदवावे लागले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे. शेतकरी बुडाला तो साऱ्याने, व्याजाने आणि पडलेल्या भावाने. आजचा कष्टकरीही बारमुळे दरिद्री झालेला नाही. तो कंत्राटी पद्धतीने, महागाईने, मुलांच्या शिकवण्यांच्या व इस्पितळांच्या बिलांनी दरिद्री झाला आहे. म्हणूनच प्रश्न त्याच्या उधळेपणाचा नाही. ज्याला उधळावयाचे नाही, त्याला उधळावयास भाग पाडणारी यंत्रणा कोणती, हा प्रश्न आहे.

ही यंत्रणा लग्नाच्या बैठकीत पाहावयास मिळते. महाराष्ट्रात 'यादी' हा शब्द काही किराण्यापुरता नाही. देण्याघेण्याची यादी होते, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी तीवर सह्या करतात, आणि शहाणे लोक त्याच बैठकीत 'यादी पे शादी' उरकून मोकळे होतात. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला आणि यादीची भाषा बदलली. हुंडा हा शब्द गेला, 'मुलीच्या हौसेसाठी' आला. मोटारसायकल गेली, 'जावयाची सोय' आली. आता बारची मागणी तर यादीत लिहावीही लागत नाही. वराचा चुलता घसा खाकरतो आणि हसत हसत म्हणतो, "आमच्याकडची मंडळी जरा घेणारी आहेत हं, तेवढं बघा." बस्स. वधूपिता मान डोलावतो. या डोलावण्याची कोणत्याही न्यायालयात नोंद होत नाही, साक्षीदार फुटण्याचा प्रश्न येत नाही आणि वस्तूही अशी, की सकाळी तिचा मागमूस उरत नाही. दागिना निदान मुलीच्या अंगावर राहतो; प्रसंग पडला तर मोडता येतो. भांडी संसाराला लागतात. हुंड्याच्या साऱ्या इतिहासात मुलीच्या वाट्याला तिळमात्र न येणारा, केवळ वरपक्षाच्या पुरुषांनी प्राशन करावयाचा असा हा पहिलाच हुंडा असावा.

वधूपित्याने हा पैसा कोठून आणावा? भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन, पतसंस्थेतून, सोने गहाण ठेवून. पुष्कळदा घरातील बाईच्या नावावर, तिच्या बचत गटातून. म्हणजे ज्या बायका बाटलीच्या धाकाने आयुष्यभर दबून राहिल्या, त्यांच्याच सहीने घेतलेल्या कर्जातून बाटल्या येतात आणि हप्ता फेडण्यासाठी पुढची दोन वर्षे त्याच बायका दर आठवड्याला गटाच्या बैठकीला हजर राहतात. नियोजनाचे धडे देणाऱ्यांच्या तक्त्यात व्याजाचा रकाना नसतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता या प्रथेच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे. त्यातले काही चळवळीतलेच आहेत आणि त्यांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नाही.

पहिला आक्षेप असा, की हा सारा सोवळेपणा आहे. दारूविषयीचा तिटकारा ही उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय नीती असून बहुजन व आदिवासी समाजांत मद्य हा उत्सवाचा स्वाभाविक भाग आहे. गोंडांच्या, भिल्लांच्या लग्नात मोहाची दारू असतेच. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात नवदांपत्याच्या आरोग्यासाठी पेला उंचावल्यावाचून समारंभ पुरा होत नाही. हे खरे आहे. पण त्या मोहाच्या दारूचा हिशेब एकदा नीट मांडावा. फुले जंगलातली, वेचणाऱ्या बायका गावातल्या, गाळणारे हात घरातले आणि पिणारे सगळे, वराकडचे तसेच वधूकडचे, स्त्रिया तसेच पुरुष. कोणी कोणाला बिल देत नाही. घरोघरचा वाटा जमतो आणि घरोघरी वाटला जातो. हीच दारू इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला आणि १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींना दारातल्या झाडाची फुले साठविणेही दुरापास्त केले. आदिवासीला गुन्हेगार ठरवून ज्या मक्तेदारीचा जन्म झाला, तिचीच वंशज असलेली कारखान्याची बाटली लॉनवर मांडावयाची आणि वर आदिवासी संस्कृतीचा दाखला द्यावयाचा, हा बौद्धिक हातचलाखीचा उत्तम नमुना आहे. समाजवाद्यांचा विरोध मद्याच्या थेंबाला नाही. तो पाहुणचाराचे रूप घेऊन आलेल्या खंडणीला आहे.

दुसरे म्हणणे : ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. पाचशे माणसांना छापील निमंत्रण देऊन केलेला समारंभ खासगी कसा, हे आधी कोणी समजावून द्यावे. शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात बार होता, म्हणून पुढच्या लग्नात तो 'हवाच' होतो. दुसऱ्याने विदेशी ठेवली, म्हणून तिसऱ्याला देशी ठेवता येत नाही. ज्या कृतीने गल्लीतल्या प्रत्येक बापाचा दर वाढतो, तिला खासगी म्हणणे म्हणजे साठेबाजीला खासगी म्हणण्यासारखे आहे.

तिसरे समर्थन व्यवहारवाद्यांचे. आत ठेवली नाही तर पोरे मोटारीच्या डिकीत ठेवून बाहेर पितात. त्यापेक्षा आत, मापात, डोळ्यांसमोर बरी. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या युक्तिवादाने सिद्ध काय होते? पिणारा आपल्या पैशाने पिऊ शकतो आणि पितो, एवढेच. मग त्याच्या पिण्याचा भार यजमानावर का? ज्या पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून बार आला, त्यांच्यापैकी ब्रिटनमध्ये तर यजमान जेवणाबरोबरची वाइन आणि शुभेच्छांचा पेला देतो, आणि त्यापुढचे बारवर जाऊन स्वतःच्या खिशातून घेण्याची रीत सर्रास आहे. त्यात कोणाची अब्रू जात नाही. येथल्या मध्यमवर्गाने अनुकरणासाठी नेमके अमेरिकन श्रीमंताचे, 'हवे तितके घ्या, पैसे यजमानाचे' हे वाण उचलले. नक्कल करतानाही महाग बाजूचीच करावयाची, ही या वर्गाची जुनी खोड आहे.

रोजगाराचा मुद्दा मात्र अधिक तपशिलाने पाहिला पाहिजे, कारण चळवळीचे खरे काम तेथे आहे. बारच्या अंदाजपत्रकात बाटली मोजली जाते, बर्फाची लादी मोजली जाते, फुटणारा ग्लास मोजला जातो. मोजला जात नाही तो ट्रे घेऊन फिरणारा मुलगा. पुण्यात हा मुलगा बहुधा मराठवाड्यातून किंवा सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला असतो. दिवसा अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, लग्नसराईत रात्री केटरिंगच्या कामाला जातो. नाक्यावरून टेम्पोत भरून नेतात. दुपारी तीनला गेलेला मुलगा रात्री एकच्या आधी सुटत नाही. कंत्राटदाराने दिलेला, दुसऱ्या कोणाच्या घामाचा वास असलेला कोट त्याने चढवावयाचा, पाहुण्यांचे जेवण आटोपल्यावर उरलेले खावयाचे आणि शेवटची बस गेल्यावर लॉनवरच, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर आडवे व्हावयाचे. मजुरी काही शे रुपये, तीही पुष्कळदा पुढच्या आठवड्यावर ढकललेली. कोणी तर्र झालेला पाहुणा अंगावर आला, तर मार त्याने खावयाचा. ग्लास पडला, तर पैसे त्याच्या मजुरीतून कापावयाचे. हजेरीपत्रक नाही, विमा नाही, अपघात झाला तर मालक कोण हेच ठरत नाही : यजमान केटररकडे बोट दाखवितो, केटरर मुले पुरविणाऱ्याकडे आणि मुले पुरविणारा त्या रात्रीपुरता फोन बंद ठेवतो.

आणि काटकसरीचे पहिले कात्रण याच्यावरच चालते! बाटली कमी केली तर पाहुणे बोलतील, चखणा कमी केला तर व्याही बोलतील; वाढपी दहाऐवजी सहा आणले, तर कोण बोलणार? 'बजेटमध्ये बार' या मंत्राचा अर्थ व्यवहारात इतकाच उरतो, की सहा मुलांनी दहांचे काम करावे.

ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून पाठीवर ओझे वाहणाऱ्या, रोज मालक बदलणाऱ्या हमालाला मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, त्याला केटरिंगच्या मुलाची नोंदणी अशक्य वाटण्याचे कारण नाही. 'मालकच निश्चित नाही' ही सबब तेव्हाही व्यापाऱ्यांनी पुढे केली होती आणि हमालांच्या संघटनांनी ती मोडून काढली. कार्यालये आणि लॉन नोंदलेली आहेत, एक दिवसाच्या परवान्याचा अर्ज सरकारकडेच येतो. त्या अर्जावर किती बाटल्या याबरोबर किती कामगार, कोणत्या दराने, किती वाजेपर्यंत, एवढे तीन रकाने वाढविण्यास कोणता आयोग नेमावा लागेल? सरकारला बाटलीचे शुल्क थेंबाथेंबाने मोजता येते, पण ती उघडणाऱ्या हाताचे तास मोजता येत नाहीत, यावर कोण विश्वास ठेवील?

सर्वांत गंभीर गोष्ट याहून वेगळी आहे. १९७२-७३ साली शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रिया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडीत होत्या. १९९२ साली आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात दुबागुंट्याच्या बायकांनी अड्ड्यांना टाळे लावले आणि त्या वणव्याने १९९५ मध्ये राज्याला दारूबंदी करावयास लावली. दोन वर्षांत सत्ताधाऱ्यांनी महसुलासाठी ती मागे घेतली, ही गोष्ट अलाहिदा. २०१० साली चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. २०१५ साली त्यांनी बंदी मिळविली आणि २०२१ साली सरकारने ती काढून घेतली. बंदी यशस्वी होते की चोरटा व्यापार वाढविते, यावर चळवळीत मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु या राज्यात 'आडव्या बाटली'साठी बायका रांगेत उभ्या राहून मतदान करतात, निम्म्याहून अधिक मते पडली तर गावातील दुकान बंद होते, ही लोकशाहीतील थोडीथोडकी गोष्ट नव्हे. त्या मतदानाच्या आदल्या रात्री दुकानदाराचे हस्तक घरोघर फिरून धमकावतात, नवरे मारतात, तरी बायका जातात. त्यांच्या सभेत भाषण करावयास तालुक्याहून कार्यकर्ता येतो. पुढच्या महिन्यात त्याच्याच मुलाच्या स्वागतसमारंभाची, उभ्या बाटल्यांच्या रांगेची चित्रफीत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलेली असते. दुकानदाराला मग वेगळा प्रचार करावा लागत नाही. 'साहेबांची चालते, गड्याची चालत नाही,' एवढे एक वाक्य त्याला पुरते, आणि त्याला खोडून काढण्यासाठी त्या बायकांच्या हाती काही उरत नाही.

हे वाक्य खोटे तरी कोठे आहे? जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या रात्री झोपडपट्टीत प्यायलेला तो 'दारुडा' आणि लॉनवर प्यायलेला तो 'पाहुणा'. एकाच्या पिण्याची चर्चा पोलीस ठाण्यात होते, दुसऱ्याच्या पिण्याचे अंदाजपत्रक होते. वर्गभेद इतक्या स्वच्छ भाषेत क्वचितच बोलतो.

महाराष्ट्राला साध्या लग्नाची परंपरा नवी नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीने पहिला विवाह लागला. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. खर्च नाममात्र होता, हे त्या लग्नाचे आनुषंगिक वैशिष्ट्य नव्हे; तो त्याचा गाभा होता. भिक्षुकाच्या दक्षिणेशिवाय लग्न होऊ शकते, हे दाखविणे म्हणजे दक्षिणेच्या हक्काच्या मुळावर घाव घालणे होते. म्हणूनच पुढे जुन्नरकडच्या भिक्षुकांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी न्यायालयात दावे लावले. राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी कुटुंबांतील कित्येक लग्ने पुढे नोंदणी, दोन हार आणि चहापाण्यावर झाली. पाहुण्यांत कोणी उपाशी गेल्याची तक्रार नाही. त्याच घरांतून आज मंगलाष्टके गाळली जातात, कन्यादान गाळले जाते, आणि पुरोगामी म्हणून मिरविलेल्या त्या लग्नाच्या संध्याकाळी बार लागतो. भिक्षुकाला उठवून रिकाम्या केलेल्या पाटावर बारटेंडरला बसविण्याने परिवर्तन होत नाही. दक्षिणेचा दर तेवढा वाढतो. भिक्षुक निदान घासाघीस करू देत असे.

समाजाचे दडपण फार असते, एकट्यादुकट्याला ते झुगारता येत नाही, ही तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु मे २०२० मध्ये सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली, एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे आणि दोन तासांवर आली. लाखो लग्ने झाली. व्याही रुसले नाहीत, मुली माघारी आल्या नाहीत, 'घेणारी मंडळी' घरीच राहिली. कित्येक बापांनी त्या भयाण काळातही सुटकेचा निःश्वास टाकला, हे तेव्हा उघडपणे बोलले जात होते. दडपण अपरिहार्य नसते हे त्या दोन वर्षांनी दाखविले. फक्त नकार देणारा कोणीतरी वर असावा लागतो. सरकार ते काम साथीच्या वेळी करते. एरवी ते पक्षशाखेला, युवक दलाला आणि महिला सभेला करावे लागेल.

तेव्हा शाखांनी काय करावे, हे संदिग्ध ठेवण्यात अर्थ नाही. कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नात बार असणार नाही, हा नियम वरपक्षाच्या कार्यकर्त्यावर आधी आणि अधिक काटेकोरपणे लागू व्हावा. वधूपित्याला नकार देण्याची मोकळीक वरपित्याच्या तोंडूनच मिळत असते. बैठकीत 'तेवढं बघा' असे कोणी म्हणताच वरपक्षातील कार्यकर्त्याने उठून 'बघू नका' असे म्हणावे. हे दोन शब्द यादीवर लिहून घेतले तर अधिकच चांगले. ज्या सहानुभूतीदारांना बार ठेवावयाचाच आहे, त्यांनी तो कर्जातून ठेवू नये, व्याह्याकडून वसूल करू नये आणि बाटल्यांची संख्या ठरविण्यापूर्वी वाढणाऱ्या मुलांची संख्या, मजुरी, जेवण आणि परतीच्या वाहनाची सोय केटररकडून लेखी घ्यावी. नेत्यांनी अशा समारंभात आशीर्वाद देण्यास जाताना फोटोच्या चौकटीत मागे काय येते आहे ते पाहिले, तरी तालुक्यातील बायकांवर उपकार होतील.

लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर येथील अभ्यासिकांमधून केटरिंगला जाणाऱ्या मुलांच्या नावांची, तासांची आणि थकलेल्या मजुरीची पहिली नोंद त्याआधीच्या दोन महिन्यांत युवक शाखांना करता येईल. ती हाती आली, म्हणजे माथाडी कायद्याच्या धर्तीवर मंडळाची मागणी घेऊन कामगार आयुक्तांकडे जाता येईल, आणि परवान्याच्या अर्जातील त्या तीन रकान्यांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या दारातही बसता येईल.